युरोप मोटारीशिवाय: युरेल पास की सुटी तिकिटं?

भारतातून जाणाऱ्यांना मिळतो तो युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला चालणारं एकच तिकीट. इंटररेल हा तसाच पास तिथल्या रहिवाशांसाठी. एका महिन्यात प्रवासाचे ४, ५ किंवा ७ दिवस, असे युरेलचे काही प्रकार. त्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत हव्या तितक्या गाड्या बदला. रात्रीच्या थेट गाडीला सहसा निघण्याचाच दिवस मोजतात, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

पण पास म्हणजे आसन नव्हे. फ्रान्समधल्या टीजीव्ही, स्पेनमधल्या एव्हीई, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि लंडनला पॅरिसशी जोडणारी युरोस्टार या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांच्या जागाही मर्यादित असतात. म्हणजे ज्या मोकळेपणासाठी पास घेतला, तोच तिथे आटतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक दिवसाच्या गाड्यांत सरळ चढता येतं. पास खरा वसूल होतो तो इथे.

सुट्या तिकिटांचं गणित सोपं: लवकर काढलं तर स्वस्त, ऐनवेळी महाग. स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरतं चालतं, बेत बदलला की पैसे बुडाले. प्रादेशिक गाड्यांचे दर साधारण ठरलेले, तिथे घाई नको. शिवाय लांबच्या बसवर पास चालत नाही, आणि कमी खर्चात फिरणाऱ्याला बस लागतेच.

तीन-चार शहरं, तारखा पक्क्या? सुटी तिकिटं घ्या. सत्तावीसपर्यंतचं वय (तरुणांना पास स्वस्त पडतो), डोंगराळ देश आणि हवामान पाहून बेत ठरवायची सवय असेल तर पास. तुलना करताना पासाच्या बेरजेत आरक्षणाचे पैसे धरा. नेमके तेच राहून जातात.