न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग: कंटेनर सेवेचा वर्षभराचा अनुभव

सोलापूरचे टेरी टॉवेल हॅम्बुर्गला पाठवण्यासाठी मी गेले वर्षभर ज्या जहाज कंपनीची सेवा घेत आहे, तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण तक्रार तिच्या एकटीपुरती नाही. कागदपत्रांचे काम चोख आहे. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीचा, मसुदा दुसऱ्याच दिवशी हाती पडतो. भाड्याचे गणित मात्र बिल येईपर्यंत उलगडत नाही, कारण मूळ दराखाली इंधनाचा, गर्दीचा आणि हंगामाचा असे अधिभार एकेक करून चढत जातात.

मार्चमध्ये माझा कंटेनर बंदरात वेळेवर पोहोचूनही पुढच्या जहाजावर ढकलला गेला, तेव्हा मी आणखी दोन कंपन्यांकडून दर मागवले. तिन्ही कोटेशनांवर जहाजाचे नाव एकच होते आणि कट-ऑफची, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवण्याची, शेवटची वेळही तीच! जहाजातील जागा अशी वाटून घेण्याच्या करारांना केंद्र सरकारने स्पर्धा कायद्यातून वेळोवेळी सूट दिली होती. संगनमताने भाडे ठरवण्याला मात्र ती लागू नव्हती.

पूर्वी हे संगनमत उघड होते. 1875 मध्ये कलकत्त्याच्या व्यापारातील जहाज कंपन्यांनी 'कॉन्फरन्स' म्हणजे आपला संघ स्थापून समान भाडे ठरवले आणि पुढे परताव्याची युक्ती काढली. ठरलेल्या मुदतीत सगळा माल त्यांच्याच जहाजांवर चढवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्याचा काही भाग परत मिळे, पण तोही आणखी एक मुदत एकनिष्ठ राहिल्यावर; मध्येच एखादी खेप बाहेरच्या जहाजाने धाडली, की साचलेली सगळी रक्कम बुडाली. व्यापाऱ्याला त्याच्याच पैशाने बांधून ठेवण्याचा हा प्रकार होता. मुंबईचे सूत चीन-जपानला नेणाऱ्या कॉन्फरन्सविरुद्ध जमशेटजी टाटांनी 1893 च्या सुमारास जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीला साथीला घेतले, तेव्हा कॉन्फरन्समधल्या पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीने भाडे इतके पाडले की टाटांची स्वतःची जहाजसेवा टिकली नाही. युरोपच्या मार्गांवरील कॉन्फरन्सची कायदेशीर मुभा संपायला ऑक्टोबर 2008 उजाडला.

त्या जुन्या व्यवस्थेत निदान जहाजे वेळापत्रकाने सुटत, असे तिचे समर्थक सांगत. मला तेवढेही मिळालेले नाही. कागदपत्रांसाठी पाचपैकी चार तारे, वेळेसाठी दोन. पुढचा कंटेनर मी याच कंपनीकडे नोंदवला आहे. जहाज तेच मिळणार असेल, तर निदान मसुदा तरी वेळेवर मिळावा.