मानवतावादी अध्यापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम : ऐकायला शिकवतो, परीक्षेपाशी अडखळतो

मानवतावादी शिक्षणपद्धतीवरचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या भावना आणि त्याची स्वतः शिकण्याची ओढ केंद्रस्थानी ठेवणाऱ्या पद्धतीवरचा, अध्यापकांसाठी तयार केलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मुलांना समजून घ्या, त्यांच्यावर विश्वास ठेवा, एवढे सांगून या विषयावरची बहुतेक प्रशिक्षणे थांबतात. समजून घेणे म्हणजे वर्गात नेमके काय करायचे, हे या अभ्यासक्रमाने करून घेतले, म्हणूनच त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

इतिहासाचा भाग आटोपशीर आहे. वर्तनवाद (बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावर भर देणारा) आणि मनोविश्लेषण (अबोध मनाचा शोध घेणारे) या मानसशास्त्रातल्या दोन प्रबळ विचारधारांना पर्याय म्हणून मानवतावादी मानसशास्त्र कसे पुढे आले आणि मानसोपचार करताना जे उमगले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी शिक्षणाला कसे लावून पाहिले, हे त्यात नीट उलगडले आहे. याच विचारधारेतले मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या बाबतीत मात्र हलगर्जी झाली आहे. १९४३ च्या लेखात त्यांनी मानवी गरजांचा क्रम मांडला. त्या क्रमाचा सर्वत्र दिसणारा पिरॅमिड त्या लेखात नाही. खालची गरज पुरती भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही, हा समज चुकीचा असल्याचेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले आहे. अभ्यासक्रमात नेमका तोच समज चित्रासह शिकवला जातो. हे मला फार खटकले, कारण घरच्या अडचणींकडे बोट दाखवून एखाद्या मुलाच्या शिकण्याची आशा सोडून देणाऱ्यांना त्यातून आयताच आधार मिळतो.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो रॉजर्स यांनी सांगितलेल्या तीन गुणांपाशी : अध्यापकाचा खरेपणा, विद्यार्थ्याचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती, म्हणजे त्याच्या जागी जाऊन त्याचे मन समजून घेणे. इथे व्याख्यान नाही, जोडीने करायचा सराव आहे. एकाने विद्यार्थी व्हायचे आणि आपली अडचण सांगायची. दुसऱ्याने ती अडचण व तिच्यामागची भावना आपल्या शब्दांत परत सांगायची, आणि ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे समोरच्याने मान्य केल्यावरच पुढे बोलायचे. माझ्या जोडीदाराने ‘मला गणित जमतच नाही’ असे म्हणताच ‘जमेल की, सराव वाढव’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. नियमामुळे ते गिळावे लागले. दोन-तीनदा परत सांगितल्यावर कळले की अडचण गणिताची नव्हतीच, फळ्यापाशी उभे राहून सर्वांसमोर चुकण्याची होती. सरावाचा सल्ला तिथे अगदीच निरुपयोगी ठरला असता.

अध्ययन-कराराचा घटकही उत्तम आहे. काय शिकायचे, कसे, कधीपर्यंत आणि ते शिकलो याचा पुरावा कोणता, हे विद्यार्थ्याने अध्यापकाशी बोलून लिहून काढायचे. मार्गदर्शकांनी माझ्या करारावर शेरे मारले नाहीत, प्रश्न विचारले. त्या प्रश्नांमुळे मी तो मुळापासून नव्याने लिहिला.

इतके सगळे झाल्यावर शेवटी येते ती वेळ लावून घेतलेली बहुपर्यायी परीक्षा, आणि तिच्यातल्या गुणांवरच प्रमाणपत्र. स्वयंमूल्यमापन हा ज्या विचाराचा कणा आहे, त्याच्या अभ्यासाचे मोजमाप असे व्हावे याचे वाईट वाटते. करार हातात आहे, त्यात ठरवलेले पुरावे आहेत; मूल्यमापन त्यांवर सहज करता आले असते.

आणखी एक उणीव मोठी आहे. नवशिक्याला पुरेसे मार्गदर्शन न करता स्वतः शोधायला सोडले तर त्याच्या कार्यस्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात माहिती धरून ठेवण्याच्या क्षमतेवर, अकारण ताण पडतो, असा आक्षेप किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये सविस्तर मांडला होता. अभ्यासक्रमात त्याचा उल्लेखही नाही. माझ्या मते हा आक्षेप समानुभूतीला लागू होत नाही. मुलाचा आदर राखूनही एखादी रीत पायरीपायरीने शिकवता येते. पण ही चर्चा नसल्याने नवा अध्यापक स्वातंत्र्य देणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत गल्लत करण्याची भीती आहे. काही वर्षे वर्ग सांभाळलेल्या अध्यापकांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. नव्याने रुजू होणाऱ्यांनी तो अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने करावा आणि जोडीचा सराव मुळीच टाळू नये.