पिकअपचा हौदा आणि किलोवरचे बिल

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावच्या आसपास पिकअपच्या हौद्याची कामे करणारी अनेक वर्कशॉप आहेत. त्यांपैकी एका वर्कशॉपमधून आमच्या 1.3 टनी बोलेरो पिकअपचे काम करून घेतले होते आणि टोमॅटोचा एक पूर्ण हंगाम, म्हणजे पावसाळ्यासकट, गाडी वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. तळाला चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला धातूचा पत्रा), फाळक्यांवर, म्हणजे हौद्याच्या कडेच्या भिंतींवर, काढता-घालता येणारी जाळी, ताडपत्रीसाठी कमानी, रस्सी बांधायला जादा हुक, परावर्तक पट्ट्या आणि शेवटी पेंटरचा हात, एवढे काम ठरले होते.

सर्वांत आधी हिशेबाची पद्धत समजून घ्यावी. या व्यवसायात लोखंडकामाचा दर बहुधा किलोवर असतो आणि त्यात माल व मजुरी दोन्ही धरलेली असतात. साहजिकच मिस्त्री जाड पत्रा आणि जड अँगल सुचवतो. तो फसवतो असे नव्हे, त्याला मजबुतीची खरीच काळजी असते, पण वजन वाढल्याने त्याचे नुकसान काहीच नसते. गाडीमालक मात्र त्या वजनाचे पैसे दोनदा मोजतो, एकदा बिलात आणि नंतर प्रत्येक खेपेला कमी भरलेल्या मालात. आमचा हौदा सुमारे 9 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. त्यावर 3 मिलिमीटरची लोखंडी चेकर प्लेट अंथरली तर तिचे वजन 110 ते 120 किलो भरते, म्हणजे 20 किलोंच्या साधारण सहा क्रेट भाडे न देता कायमच्या गाडीत बसतात. (प्रत्यक्षात मंडईत येणाऱ्या गाड्या किती क्रेट भरून येतात, हा भाग निराळा.) तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट साधारण एक तृतीयांश वजनात होते, पण ती महाग पडते आणि तिचे वेल्डिंग साध्या मशीनवर होत नाही. त्यामुळे ज्यांच्या गाडीत फक्त क्रेट जातात त्यांनी प्लेटच्या नादी न लागता जाड रबर मॅट टाकावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. प्लेट हवी ती खडी, विटा, सळई वाहणाऱ्यांना.

प्लेट बसवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र या वर्कशॉपला कमी गुण द्यावे लागतील. हौद्याचा मूळ तळ पन्हाळीदार असतो. त्यावर सपाट प्लेट टाकली की खाली पोकळ्या राहतात आणि फुटलेल्या टोमॅटोचा रस, माती व पावसाचे पाणी त्यांत साचून राहते. निचऱ्याची भोके पाडायची आठवण आम्ही करून दिली होती. तरी ती पाडली गेली पुढच्या बाजूला, आणि उभ्या गाडीचे पाणी येते मागे. शिवाय प्लेट बोल्टने कसण्याऐवजी कडेने वेल्डिंगचे टाके मारले गेले, त्यामुळे टाक्याभोवतीचा मूळ रंग जळाला आणि श्रावण संपायच्या आत तिथे तांबेरा दिसू लागला. बोल्टची प्लेट वर्षातून एकदा उचलून खाली धुता येते व रंगाचा हात मारता येतो, टाक्याची येत नाही. एक गोष्ट मात्र कौतुकाची: वेल्डिंगला सुरुवात करण्यापूर्वी मिस्त्रीने न सांगता बॅटरीची वायर सोडली. नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी ही खबरदारी आवश्यक असते आणि घाईत ती हमखास राहून जाते.

कमानींचे काम उत्तम झाले आहे. पाईप गोल वाकवलेले असून फाळक्याच्या आतल्या नळीत खिळीने अडकतात आणि एकटा माणूस त्या काढू शकतो. मधली कमान इतरांपेक्षा किंचित उंच ठेवल्याने ताडपत्रीवर पाण्याची डबकी होत नाहीत. ताडपत्री आम्ही बाहेरून घेतली. रोजच्या वापराला पीव्हीसीचा लेप असलेली जाड ताडपत्रीच टिकते. बाजारात मिळणारी निळी पातळ ताडपत्री हुकाजवळच्या कड्यांपाशी फाटते. हुक वेल्ड करताना त्यांची टोके आत वळवून घेतली आहेत, त्यामुळे रस्सी कापली जात नाही आणि चढणाऱ्या हमालाचा पायही ओरबाडत नाही.

जाळी कायमची जोडून फाळके उंच करण्याचा आग्रह झाला, तो आम्ही मानला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. उंच फाळका जादा माल भरण्याचा मोहही पाडतो; जादा वजनाचा दंड कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये आहे. पुढच्या लोखंडी गार्डलाही नकार दिला. अशा गार्डवर कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना 2017 मध्येच कळवले आहे.

परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल अशा नियमानुसार लावून मिळाल्या. साध्या चकचकीत रेडियमवर समाधान मानू नये; मान्यताप्राप्त पट्टीवर छापील खूण असते, ती पाहूनच पैसे द्यावेत.

पेंटर वर्कशॉपचा नोकर नाही, तो आठवड्यातून ठरावीक दिवशी येतो. मागच्या फाळक्यावरचे 'कष्टाचे फळ' त्याने स्टेन्सिल न लावता थेट ब्रशने काढले आणि त्यातील 'ष्ट' इतका सुबक आहे की छापील स्टिकर त्याच्या जवळपासही येणार नाही. नंबर प्लेटच्या आजूबाजूला वेलबुट्टी काढू नये, एवढे त्याला आधी सांगावे. टोमॅटोची आवक सुरू झाली की वर्कशॉपला उसंत नसते, म्हणून काम मार्च-एप्रिलमध्ये द्यावे आणि गाडी आत नेण्यापूर्वी व बाहेर काढल्यावर वजनकाट्यावर रिकामी तोलून दोन्ही पावत्या बिलाला जोडून घ्याव्यात.