अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटलीचं निप्पल: रुंद बुडाचं स्लो फ्लो वापरून बघितलं

सुट्टी संपून परत शाळेत रुजू व्हायचं होतं आणि पोरगी फक्त अंगावर पिणारी, मग पंप करून ठेवलेलं दूध सासूबाई कशानं पाजणार? त्यांचं म्हणणं बोंडल्यानं पाजू, आणि कधीतरी एखाद्या वेळेचाच प्रश्न असेल तर बोंडलं नाहीतर वाटी-चमचाच बेस्ट, धुवायला पण सोपं. पण रोज दोन-तीन फीड म्हटल्यावर बाटली आलीच.

सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातनं निप्पल घेतलं. व्हरायटी भरपूर, माणसं बोलायला चांगली, फक्त गाडी लावायला जागा शोधत बसा. दूधबाटलीच्या जाहिरातीला आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं बरेच जण दुकानदार देईल ते घेतात, आणि तो काय करतो तर वय विचारतो, चार महिने म्हटलं की लगेच मीडियम फ्लो काढून समोर ठेवतो. ते घेऊ नका. पाकिटावरचं वय नुसता अंदाज असतो, अंगावर पिणाऱ्या बाळाला सगळ्यात हळू फ्लोचंच घ्या, बाळ सहा महिन्यांचं असलं तरी चालतं. अंगावर पिताना पान्हा फुटेपर्यंत त्याला ओढत बसावं लागतं, मध्ये थांबता येतं, आणि बाटलीतनं फुकटात धार लागायला लागली की मग अंगाला लावल्यावर चिडचिड सुरू. बाटली उलटी धरली की दोन-चार थेंब पडून थांबायला पाहिजे, धार लागली तर ते फास्ट. पिताना दूध ओठांच्या कडेनं गळत असेल, बाळ घटाघट गिळत असेल, बोटं ताणत असेल तर तेच कारण. आणि सुई तापवून भोक मोठं करायचा सल्ला घरोघरी मिळतो, तो अजिबात ऐकायचा नाही वो!

मी घेतलं ते सिलिकॉनचं, बूड रुंद आणि टोकाकडं हळूहळू निमुळतं होत जाणारं, त्यामुळं नुसतं टोक चोखून भागत नाही, तोंड मोठं उघडावं लागतं. रबराचं मऊ असतं पण लवकर चिकट होतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हा प्रकार तीन-चार कंपन्यांत मिळतो. फक्त रुंद निप्पल अरुंद तोंडाच्या बाटलीला बसत नाही, तेवढं दुकानातच बघून घ्या, फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत.

सासूबाईंना एक शिकवावं लागलं, बाळाला आडवं टाकून बाटली उभी धरायची नाही. बाळ जरा बसतं आणि बाटली जवळपास आडवी, मधनं मधनं खाली करून दम घेऊ द्यायचा. आता सासूबाई स्वतःच शेजारणींना हे सांगतात.

वैताग एकच, बुडाला हवेचं जे बारीक छिद्र असतं ते दुधाच्या सायीनं बुजतं आणि मग पिता पिता निप्पल आत चिपकतं. धुताना तिथं चिमटीत दाबून पाणी काढायचं आणि छोटा ब्रश आतनं फिरवायचा. मग पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटं उकळायचं. आमच्याकडं नळाचं पाणी रोज येत नाही, बोअरचं वापरलं की निप्पलवर पांढरा थर बसतो, म्हणून उकळायला फिल्टरचंच पाणी घेते. दोन-तीन महिन्यांनी बदलायचं, त्याआधी ताणून उजेडात बघायचं, चीर दिसली, चिकट झालं, फुगलं की लगेच फेकायचं, बाळाला दात येत असतील तर रोजच बघा. मध लावून देणं तर वर्षाच्या आत नाहीच.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात ते २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत, आपल्या एप्रिल-मेत ते धरून चालू नका, सरळ फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, तिथं चार दिवस राहतं. दारात नको.

किंमत लोकलपेक्षा बरीच जास्त आहे, पण दोनाचं पाकीट मिळतं, परत घेताना मी तेच आणि त्याच साईझचं घेतलं.