एचएचप्रेड: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं काम फेजच्या, म्हणजे जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या, जीनोमवर चालतं. त्यातलं प्रथिन ब्लास्टमध्ये, म्हणजे अमिनो आम्लांचे सारखे क्रम शोधणाऱ्या साधनात, टाकलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'हायपोथेटिकल प्रोटीन', म्हणजे काम माहीत नसलेलं प्रथिन. हिट (जुळलेली प्रथिनं) भरपूर येतात, पण तेही सगळे हायपोथेटिकलच! अशा बिननावी प्रथिनांसाठी मी एचएचप्रेड हे प्रथिनांची दूरची नाती शोधणारं साधन वापरायला लागले. क्रमावरून प्रथिनाची रचना वर्तवणारं अल्फाफोल्ड असताना हे जुनं साधन कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन प्रथिनांत वीस-पंचवीस टक्क्यांहून कमी अमिनो आम्लं सारखी उरली की नुसत्या क्रमावरून नातं ओळखणं अवघड होतं. घडी, म्हणजे प्रथिनाचा त्रिमितीय आकार, मात्र क्रमापेक्षा फार सावकाश बदलते. एचएचप्रेड आधी तुमच्या क्रमाचे भाईबंद गोळा करतं. त्यांवरून कुठल्या जागी कोणतं आम्ल चालतं, कोणतं अजिबात चालत नाही, मध्येच तुकडा कुठे वाढू शकतो याचं प्रोफाइल बनवतं आणि ते पीडीबीतल्या (प्रयोगाने मोजलेल्या रचनांचा संग्रह) ज्ञात रचनांच्या प्रोफाइलशी ताडून पाहतं. ज्ञात घडीत क्रम बसवून पाहण्याला थ्रेडिंग म्हणतात; जाणकार म्हणतील, हे खरं थ्रेडिंग नव्हे. मान्य. 1991-92 च्या सुमारास आलेल्या मूळ पद्धतींत क्रम थेट त्रिमितीय सांगाड्यावर बसवत आणि कुठलं आम्ल आत दडलं, कुठलं पाण्याकडे राहिलं यावर गुण देत. योहानेस झ्योडिंग यांनी 2005 साली मांडलेली ही पद्धत प्रोफाइलला प्रोफाइल भिडवते. प्रश्न मात्र तोच: हा क्रम आधी पाहिलेल्या कुठल्या घडीत बसतो?

वापरायला सोपं आहे. क्रम पेस्ट करा, डेटाबेस निवडा, थांबा. पीडीबीच्या जोडीला पीफॅम हा प्रथिन-कुटुंबांचा डेटाबेसही निवडावा असं मी सांगेन, कारण कधी कधी रचना सापडत नाही, पण कुटुंब सापडतं.

खरी गंमत निकाल वाचण्यात आहे. नवखा माणूस पहिली ओळ बघतो, 'प्रॉबॅबिलिटी 98' वाचतो आणि टेम्प्लेटचं (जुळलेल्या ज्ञात प्रथिनाचं) नाव आपल्या प्रथिनाला चिकटवून मोकळा होतो. तो आकडा सांगतो एवढंच की दोघांचं नातं असण्याची शक्यता किती. काम तेच आहे, असं तो म्हणत नाही. लायसोझाइम आणि दुधातलं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन यांची घडी एकच, नातंही जवळचं; पण जिवाणूच्या भिंतीतली शर्करांची साखळी तोडायला लागणारं लायसोझाइममधलं 35 क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल लॅक्टाल्ब्युमिनमध्ये नाही, आणि ते काही तोडत नाही. म्हणून अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही क्रमांची आमनेसामने मांडणी, उघडायची, टेम्प्लेटच्या सक्रिय जागेतली आम्लं आपल्या क्रमात त्याच ठिकाणी आहेत का हे बोट ठेवून बघायचं. वरच्या ओळीत आपल्या क्रमाची अंदाजलेली दुय्यम रचना (कुठे हेलिक्स म्हणजे मळसूत्र, कुठे स्ट्रँड म्हणजे सरळ पट्टी) असते, खालच्या ओळीत टेम्प्लेटची प्रत्यक्ष मोजलेली. हेलिक्ससमोर हेलिक्स, स्ट्रँडसमोर स्ट्रँड येत गेले की जीव भांड्यात पडतो.

आणखी एक बारकावा उशिरा लक्षात येतो. प्रॉबॅबिलिटीत दुय्यम रचनेचे गुण धरलेले असतात, ई-व्हॅल्यूत (इतके चांगले हिट निव्वळ योगायोगाने किती येतील तो आकडा) नसतात. दोन्हींत तफावत दिसली की थांबून विचार करायचा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती निकालात पहिल्या हिटच्या खाली येणारी यादी. फेजच्या डोक्याचं कवच बनवणारं प्रथिन घ्या. शेपटीवाल्या फेजमध्ये त्याची घडी एचके97 (एका फेजचं नाव) प्रकारची असते. ही रचना 2000 साली समोर आली. तीच घडी पुढे हर्पीस विषाणूंच्या कवचातही सापडली, तीही क्रमात ओळखण्याजोगं साम्य नसताना. माझ्या एका प्रथिनाच्या यादीत पहिला हिट काही फार भक्कम नव्हता, पण खाली एकामागोमाग वेगवेगळ्या फेजची कवच-प्रथिनं आणि मध्येच एक एन्कॅप्सुलिन. एन्कॅप्सुलिन, म्हणजे जिवाणूंमधल्या पोकळ प्रथिन-डब्यांचं कवच-प्रथिन, तेही याच घराण्यातलं. एकाच घडीचे इतके निरनिराळे प्रतिनिधी एकाच पट्ट्यावर जुळतात तेव्हा एकट्या 98 पेक्षा मला ते जास्त पटतं.

याच्या उलट प्रकारही आहे. फेजच्या शेपटीच्या तंतूंमध्ये अनेकदा कॉइल्ड-कॉइलचे (एकमेकांभोवती पीळ घातलेल्या हेलिक्सचे) लांब पट्टे असतात. ते टाकले की मायोसिन, ट्रोपोमायोसिन आणि जगातलं जे जे कॉइल्ड-कॉइल आहे ते सगळं वर येतं, आकडेही घसघशीत. ती यादी म्हणजे आडनाव सारखं म्हणून लग्नाला आलेले पाहुणे. सात-सात आम्लांची पुनरावृत्ती सगळ्यांत सारखी, म्हणून ते जुळतात. पेशीपटलातून आरपार जाणारे हेलिक्स आणि दोन-तीनच आम्लं पुन्हा पुन्हा येणारे भाग इथेही हाच धोका. असे पट्टे कापून उरलेला तुकडा स्वतंत्र चालवावा. लांब प्रथिनांचे डोमेनही (स्वतंत्रपणे घडी होणारे भाग) वेगळे करावेत, नाहीतर एक ताकदवान डोमेन सगळी यादी खाऊन टाकतो.

अल्फाफोल्डबद्दल. 2022 मध्ये त्याच्या डेटाबेसात 20 कोटींहून अधिक रचना आल्या, पण विषाणूंची प्रथिनं त्यांत घेतली नव्हती. त्यामुळे माझ्यासारख्यांना मॉडेल बहुतेकदा स्वतःच बनवावं लागतं. ते बनवून फोल्डसीकवर टाकलं की आकारावरून शोध होतो, आणि तो विलक्षण वेगवान आहे. मी दोन्ही करते. पण फोल्डसीकला दिलेलं मॉडेल हा मुळात एक अंदाज असतो, आणि पीएलडीडीटी (मॉडेलच्या भरवशाचा गुण) कमी असलेल्या भागावर केलेला शोध म्हणजे अंदाजावर अंदाज. एचएचप्रेडमध्ये निदान एका बाजूला प्रयोगाने मोजलेली रचना असते, आणि नातं का मानलं ते अलाइनमेंटमध्ये ओळीओळीने वाचता येतं. रिव्ह्यूअरने विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं! छोट्या, एकच डोमेन असलेल्या प्रथिनांसाठी मात्र आता मी आधी फोल्डसीकच लावते.

ज्यांना भाईबंदच नाहीत अशा अनाथ प्रथिनांपुढे एचएचप्रेड आणि अल्फाफोल्ड दोन्ही अडखळतात, कारण दोघांनाही अलाइनमेंटमध्ये वैविध्य लागतं आणि इथे एकच ओळ असते. अशांची मी वेगळी फाइल ठेवली आहे. पीडीबीत दर आठवड्याला नव्या रचना येतात, क्रमांचे डेटाबेसही फुगत राहतात, म्हणून ती फाइल अधूनमधून पुन्हा चालवते. गेल्या खेपेला त्यातली दोन सुटली: एक बेसप्लेटचं (फेजच्या शेपटीच्या टोकावरचा भाग) निघालं, दुसऱ्याला पीफॅममधलं कुटुंब मिळालं, तेही कार्य अज्ञात असलेलं.