उजव्या गिअरची जुनी बुलेट, निवृत्तीनंतर: तिन्ही ऋतू वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाई असलेल्यांना पुढं वाचायला नको. स्वतः पाना हातात धरायची तयारी असेल, घरात दुसरी भरवशाची गाडी असेल आणि कुठंही वेळेवर पोचायचं बंधन नसेल, तर जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरची) बुलेट निवृत्त माणसानं जरूर घ्यावी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर घेऊ नये. लग्नाच्या वरातीत मिरवायला तर मुळीच नको, ते काम नवी गाडी जास्त चांगलं करते.

माझी 350 आहे, 1980च्या दशकातली. गिअर उजवीकडं, मागचा ब्रेक डावीकडं, पॉइंटचं इग्निशन (म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), सेल्फ नाही. नोकरी पशुवैद्यकीय खात्यात झाली, बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, अंबाजोगाई याच पट्ट्यात, आणि ती सगळी शंभर सीसीच्या गाडीवर. त्या गाडीनं कधी त्रास दिला नाही, त्यामुळं तिच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही. बुलेटची हौस कॉलेजपासूनची. पेन्शनचे कागद मार्गी लागले आणि लातूर भागातून ही गाडी घेतली: कागदपत्रं साफ, इंजिन जाम. गाडीला दिले जवळपास तेवढेच पैसे पुन्हा दुरुस्तीला गेले. घेणाऱ्यानं हा हिशोब आधीच धरावा.

मी हिला ब्रिटिश गाडी म्हणतो, तर कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, मद्रासची गाडी, ती ब्रिटिश कसली? जन्म इंग्लंडातल्या रेडिचचाच, रॉयल एनफिल्डच्या कारखान्यातला. मागच्या चाकाला स्विंगआर्म (चाकासोबत वर-खाली हलणारा दांडा) असलेली बुलेट तिथं 1948 साली लोकांपुढं आली, पुढं आपल्या लष्करानं ती घेतली आणि 1955 पासून मद्रासला बनू लागली. इंग्लंडमधला धंदा बसला, पण इकडं तेच इंजिन कित्येक दशकं चालू राहिलं: 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोक, 346 सीसी, 18 हॉर्सपॉवर. बीएसए, नॉर्टन किंवा ट्रायम्फ या जुन्या इंग्लिश गाड्यांचे फोटो बघून उसासे टाकणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्याच घराण्याचं इंजिन तुम्हाला तालुक्याच्या गावी उघडून बघता येतं, आणि त्याचे सुटे भागही मिळतात. बाकी ती नावंही आता आपल्याच लोकांच्या हातात आली आहेत. नॉर्टन 2020 पासून टीव्हीएसकडं, बीएसए महिंद्रांच्या क्लासिक लेजेंड्सकडं. ट्रायम्फची मालकी इंग्लंडातच राहिली, पण तिची 400 बनते चाकणला बजाजच्या कारखान्यात.

आता वापर. सगळे पहिल्यांदा किकबद्दलच विचारतात. साठीच्या पुढं गुडघे टिकतील का? टिकतात, कारण या गाडीला जोर लागत नाही, क्रम लागतो. पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक. चावी फिरवून हेडलाइटच्या वरच्या, बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरकडं बघत किक हळूहळू दाबायची. पॉइंट जुळलेले असतात तोवर काटा मायनसकडं झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला की डाव्या हाताची डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढून किक किंचित पुढं न्यायची, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची. मग अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता एकच पूर्ण किक. अंगाचं वजन पुरतं. शेजारचा पोरगा जिममध्ये जातो, त्यानं दणादण किका मारल्या आणि घामाघूम होऊन बाजूला झाला. ठिणगीचं टायमिंग जास्त पुढं गेलं असेल, म्हणजे ती फार लवकर पडत असेल, तर मात्र किक उलटी येते आणि घोटा धरून बसावं लागतं. चप्पल घालून किक मारू नका. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी ठेवला की बहुतेक कुरकुर मिटते.

गिअरचं जरा जपूनच. पहिला वर, बाकीचे तीन खाली, तेही उजव्या पायानं. आयुष्यभर डाव्या पायानं गिअर टाकलेल्या माणसाला हे दोन-चार दिवसांत जमतं. पण ते निवांत रस्त्यावर. शेळी आडवी आली की पाय जुन्या सवयीवर जातो, आणि उजवा पाय ब्रेक समजून गिअरच दाबतो. इंग्लंडच्या गाड्यांत गिअर उजवीकडंच असायचा. 1970च्या दशकात अमेरिकेनं नियम करून तो डावीकडं आणायला लावला आणि मग सगळेच तिकडं वळले. म्हणून सल्ला असा, की एका दिवसात दोन प्रकारच्या गाड्या चालवू नका. मी बाजारहाटाला स्कूटी नेतो, तिला गिअरच नाही, त्यामुळं घोळ होत नाही. ब्रेक दोन्ही ड्रमचे. ते चांगले लावून घेतले तरी आजच्या डिस्कच्या मानानं बेताचेच. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं एवढाच उपाय.

वेग 55 ते 60. त्यात गाडी खुश असते. त्यापुढं हँडल, पायदान आणि दाताची कवळी, सगळंच थरथरतं. आपल्याकडच्या रस्त्यांना हा वेग बरोबर आहे. काळ्या रानातली जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून डांबराला लाटा येतात. या लाटांवर बुलेटचं वजन कामी येतं. हलकी गाडी उडते, ही बसून राहते. अंबाजोगाईहून धारूरचा घाट, किंवा लातूर, औसा, तुळजापूर करत नळदुर्ग, हे माझे आवडीचे रस्ते. पावसाळ्यात किल्ल्यातल्या बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात, तेव्हा एकदा जाच. मात्र ऊस गाळपाच्या दिवसांत अंधार पडायच्या आत घरी. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात आणि या गाडीचा हेडलाइट त्या दाखवेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मे महिन्यात दुपारी चालवू नका. इंजिन हवेवर थंड होतं, आणि त्या हवेलाच 42 डिग्रीची धग असते. मी पहाटे निघून दहाच्या आत परततो.

पेट्रोलचा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते उसापासूनही बनतं, म्हणजे आपल्याच शिवारातला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो. तक्रार कुणाकडं करणार? इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचं गॅस्केट इथेनॉलला टिकणारं बसवून घ्या. गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, टाकी आतून गंजलेली नाही ना ते टॉर्चनं बघा.

देखभाल हाच या गाडीचा खरा आनंद. सगळ्यात आवडतं काम टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट जुळवण्याचं. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळी चहाच्या आधी. पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, बाजूचं छोटं कव्हर काढलं की दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्या, दिसतात. चिमटीत धरून फिरवला तर पुशरॉड सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. फट मोजायच्या पट्ट्या (फीलर गेज) लागत नाहीत, चष्मा लागतो. आमच्या मिस्त्रींना गावात सगळे चाचा म्हणतात. त्यांचा दंडकच आहे: "साहेब, आवाज येतो म्हणून टाइट करू नका. आवाज बंद झाला की मग घाबरायचं." खरंय. टॅपेट जास्त घट्ट झाले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

तेल पाझरण्याची बदनामी आहे. माझ्या गाडीचं कारण निघालं ते आधीच्या कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेलं कव्हर. कडा काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केली, नवं गॅस्केट टाकलं, थांबलं. खरा मनस्ताप झाला तो सुट्या भागांचा. एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं ओरिजिनल म्हणून पाठवलेल्या क्लच प्लेटा पहिल्याच घाटात घसरायला लागल्या, आणि नंतर त्यानं फोन उचलला नाही. आता पार्ट हातात घेऊन, जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांची, पर्यावरण कर वेगळा, शिवाय नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. व्हिंटेज नोंदणीच्या मागं लागू नका. 2021च्या नियमानुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि ती रोजच्या वापरात आणता येत नाही. आपल्या लायसन्सचंही बघा. पंचावन्ननंतर तेही पाचच वर्षांचं मिळतं, सोबत डॉक्टरचा दाखला.

पुतण्याची ट्रायम्फ 400 चालवून बघितली. 40 हॉर्सपॉवर, सेल्फ, एबीएस, ब्रेक तर बोटानं लागतो. फक्त रपेट हवी असेल त्यानं डोळे झाकून तीच घ्यावी, बुलेटच्या नादी लागू नये. पाठीचं दुखणं असेल त्यानंही. बुलेट मधल्या स्टँडवर चढवताना हातानं ओढायची नसते, पायानं स्टँड दाबायचा असतो, तरीही दीडशे किलोच्या वरचं धूड आहे ते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं का, यावर सध्या चाचांचं आणि माझं वाजलंय. मी म्हणतो बसवू, पावसात कटकट नको. ते म्हणतात, पॉइंट रस्त्यात बिघडले तर पॉलिश पेपरनं घासून घरी येता येतं. ते यंत्र बिघडलं तर टेम्पो बोलवावा लागतो. दसऱ्याला गाडी पुजायच्या आधी ठरवायचं आहे.