थर्मल चित्रं बनवणारं सॉफ्टवेअर : डोंगल मेल्यावर लिहिलेला अनुभव

परवा या सॉफ्टवेअरचा डोंगल मेला, म्हणजे जी यूएसबी किल्ली लावल्याशिवाय ते चालत नाही ती. बदलून मागितला तर उत्तर आलं, आधी वर्षाचं लायसन्स रिन्यू करा. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू, आणि चालणार त्यांच्या मर्जीनं! म्हणून लिहितोय. फीचर्सची यादी माहितीपत्रकात वाचा.

आमचं काम अंबड एमआयडीसीत. ड्रोनच्या थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून वाहन ओळखणारा प्रोग्रॅम तपासायचा तर रणगाडे आणायचे कुठून? देवळालीला तोफखान्याचं स्कूल असलं म्हणून आम्हाला कोण आत सोडतंय. म्हणून ही बनावट चित्रं. कोन, अंतर, झाडाआडची गाडी, सगळं हवं तसं मिळतं, हे मान्य. कॅमेऱ्यात वस्तू कधी ओळखू येते याचा जॉन्सनचा 1958 चा हिशोब आहे ना, वस्तूच्या लहान बाजूवर 1 रेषाजोडी (एक काळी, एक पांढरी रेषा) बसली की काहीतरी आहे एवढं कळतं आणि ओळखायला 4 लागतात, म्हणजे साधारण 8 पिक्सेल; तो आम्ही खुर्चीवरून न उठता पडताळला.

पण यात संध्याकाळच होत नाही! दिवसभर तापलेली गाडी दिवेलागणीला झपाट्यानं निवते, जमीन सावकाश. मध्ये एक वेळ अशी येते की दोन्ही सारखीच गरम, आणि थर्मलमध्ये गाडी गायब. सकाळी ऊन चढताना पुन्हा तेच. यांच्या चित्रात मात्र सूर्य बुडाला तरी इंजिन बंद असलेला ट्रक पांढराफटक, म्हणजे गरम. प्रोग्रॅमला पैकीच्या पैकी मार्क! सिन्नरकडच्या शेतात ट्रॉली उभी करून ऐन त्या वेळी ड्रोन उडवला, तर गाडी ओळखल्याचा एक चौकोन स्क्रीनवर उमटेल तर शपथ. सपोर्टवाले म्हणे, सेटिंग तपासा. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं.

इथवर एकच तारा देणार होतो. पण मटेरियलची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते, हे आमच्या एका पोराला सापडलं. त्यात कोरड्या काळ्या मातीचे आकडे घातले, पत्र्याची जाडी कमी केली, आणि ट्रॉली मातीत विरघळली की हो! त्या दिवशी पैसे वसूल वाटले. तीन तारे. मात्र अपडेट आला की फाइल पुन्हा कंपनीची, म्हणून कॉपी बाजूला ठेवा. कोऱ्या चकचकीत पत्र्याचं अजून जमलेलं नाही. त्यात गार आकाशाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे असं शेड भर उन्हातही थर्मलमध्ये थंड दिसतं. यांच्या चित्रात मात्र तेच भट्टीसारखं तापलेलं.

ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण तापमानाचं गणित आपणच करून घालायचं. तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत, म्हणून रिन्यूअल बहुधा भरावंच लागेल.

नव्यानं घेणाऱ्यांनी डेमोत इंजिन बंद ठेवून मावळतीची वेळ टाकायला सांगा. ट्रक चमकला, तर निम्म्या भावात मागा.